तर्रीची रेषा

ऐरोलीतल्या एका ऑफिसची पॅन्ट्री, दुपारचा दीड. मायक्रोवेव्हसमोर सात-आठ जणांची रांग. हवेत कुणाच्या तरी सुक्या बोंबलाचा वास, त्यावर लसणीच्या फोडणीचा, आणि या दोन्हींना पुरून उरणारा कालच्या पावभाजीचा. त्या रांगेतून दोन डबे पाठोपाठ गरम होऊन बाहेर आले. दोन्ही एकाच हॉटेलातून पार्सल आलेले, त्याच दुधट प्लास्टिकचे, दोन्हींच्या बुडाला तोच त्रिकोण, त्रिकोणात ५ आणि शेजारी लाटांची खूण. एकात वरण होतं, दुसऱ्यात मिसळीचा रस्सा. दोन्हींना तीन-तीन मिनिटं मिळाली. वरणाचा डबा गेला तसाच परत आला. रश्श्याच्या डब्याला मात्र आतल्या बाजूने, बरोबर तर्रीच्या पातळीवर, गोल फिरत गेलेली एक खरबरीत पांढुरकी रेषा उमटली होती, आणि एका कोपऱ्यात भिंत मऊ पडून बाहेर फुगली होती. डब्याच्या मालकाने त्या फुगवट्यावर बोट फिरवलं, "यावर तर सेफ लिहिलंय की," म्हणाला, पाव मोडला आणि जेवायला बसला. रांग पुढे सरकली.

त्या रेषेत खटकण्यासारखं हे होतं की कुणीच खोटं बोललं नव्हतं. खूण खरी होती, प्लास्टिक योग्य होतं, मशीन बिघडलेलं नव्हतं, वेळही अवाच्या सवा लावलेला नव्हता. तरी डब्याचा काही अंश रश्श्यात उतरलाच असणार. कुठला डबा मायक्रोवेव्हमध्ये चालतो, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो आणि त्याचं उत्तर डबा उलटा करून बुडाशी शोधलं जातं. बुडाशी लिहिलेलं असतं ते डब्याबद्दल. आत वरण आहे की तर्री, हे त्या खुणेला कुठून कळणार?

मायक्रोवेव्हच्या पोटात चालतं ते इतकंच: २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच अब्ज वेळा हेलकावे खाणारं विद्युतक्षेत्र. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. तो या क्षेत्राबरोबर वळायला बघतो, शेजारच्या रेणूंवर आदळतो आणि त्या झटापटीतून उष्णता तयार होते. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, हेही असेच पुढे-मागे ओढले जातात, म्हणून खारट पदार्थ वरवर लवकर तापतो आणि आत थंड राहतो. काच, पॉलिप्रोपिलीन (म्हणजे त्या दोन डब्यांचं ५ नंबरचं प्लास्टिक), नीट भाजलेली चिनीमाती यांच्यात असं वळणारं फारसं काही नसतं, त्यामुळे लहर त्यांच्यातून आरपार जाते. धातू तिला परत फिरवतो. तिसरी जात लहर स्वतःच शोषून बसणाऱ्या भांड्यांची: मेलामाइन, कच्ची माती, ओलसर लाकूड. चांगल्या भांड्याने फक्त वाट सोडायची, एवढीच अपेक्षा. मग ते तापतं कशाने? आतल्या अन्नाने. वरण म्हणजे बहुतेक पाणी. ते शंभर अंशांना उकळायला लागतं आणि वाफ होत राहील तोवर त्याच्या वर चढत नाही. पॉलिप्रोपिलीन वितळतं साधारण १६० अंशांना. मधलं साठ अंशांचं अंतर, हीच वरणाच्या डब्याची सगळी सुरक्षितता.

तेल शंभराला थांबत नाही.

तेल पाण्याइतक्या लहरी शोषत नाही, हे खरं. पण त्याला तेवढंच तापवायला पाण्याच्या साधारण निम्मी उष्णता पुरते, आणि ते उकळून स्वतःला आवरत नाही. शिवाय तर्री म्हणजे नुसतं तेल नव्हे. तिच्यात तिखट असतं, गरम मसाला, मीठ, खोबऱ्याचा चोथा, थोडं पाणी. डब्याच्या भिंतीला जिथे तिचा पातळ थर चिकटतो तिथलं पाणी सगळ्यात आधी उडतं, मागे राहतो तो मसाल्याचा तेलकट लेप, आणि तो शंभराच्या पुष्कळ वर जातो. डबा बुडाशी जात नाही, मध्येही जात नाही, नेमका त्या काठावर जातो तो यामुळे. पॉलिप्रोपिलीन वितळण्याच्या खूप आधीच मऊ पडतं आणि तेवढ्या अवधीत तेल आपल्याबरोबर तिखटाचा रंग घेऊन त्यात शिरतं. कितीही घासलं तरी न जाणारा केशरी डाग आणि बोटाला लागणारा खरखरीतपणा ही त्याचीच निशाणी. साखरेचं आणि गुळाचंही हेच. पुरण, गाजराचा हलवा, वर सढळ हाताने तूप सोडलेला शिरा: पाणी उडालं की पाक १२० अंशांच्या पुढे सहज चढतो. वरणभाताच्या डब्याला जे वर्षभर झालं नसतं ते एका वाटीभर हलव्याने एका दुपारी होतं.

मिसळ ठाण्याच्या मामलेदारची असो नाहीतर नाक्यावरच्या गाडीवरची, तिच्यावर उपाय एकच. वरची तर्री चमच्याने वाटीत काढून ठेवायची. खालचा रस्सा काचेच्या भांड्यात ओतून, वर बशी पालथी टेकवून, दीड मिनिट. बाहेर काढून तळापासून ढवळायचा, परत एक मिनिट. मग तर्री वरून सोडायची. कढत रश्श्यावर ती आपसूक गरम होते, तिला मायक्रोवेव्ह दाखवायची गरजच नाही. रस्सा पिशवीतून आला असेल तर पिशवीसकट गरम करणं हा तर विषयच नको. त्या पिशव्या बहुधा पातळ पॉलिथीनच्या असतात, आणि साधं पॉलिथीन ११० अंशांच्या आसपास वितळतं.

त्रिकोणातल्या आकड्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. तो आकडा परवानगीचा नाही. भंगारात गेल्यावर प्लास्टिक ओळखता यावं म्हणून लिहिलेलं ते त्याच्या जातीचं नाव. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पीईटी, मिठाईचे आणि कापलेल्या फळांचे पारदर्शक डबे बहुतेक त्याचेच. ते ७०-८० अंशांनाच नरम पडून आकसतं, गरम पोहे भरले तरी डबा तोंड वाकडं करतो. ३ म्हणजे पीव्हीसी, त्याला अन्नाजवळ आणूच नये. ४ दुधाच्या पिशवीचं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यालाच फुगवलं की थर्माकोल, शंभराच्या आसपास दोन्ही ढेपाळतात. ७ हा तर "इतर सगळे" असा खण आहे. त्यात पॉलिकार्बोनेटही येतं, ज्यातून बीपीए नावाचं रसायन उतरण्याची धास्ती, आणि मक्यापासून केलेलं, चहाच्या वाफेनेही वाकणारं प्लास्टिकही येतं. राहता राहिला ५. पॉलिप्रोपिलीनचा सगळाच माल गरम करायला केलेला असतो असंही नाही. पातळ भिंतीचा, एकदा वापरून टाकायचा डबा आणि जाड भिंतीचा घरगुती डबा दोघांवरही ५ असतो. पाहायची ती आकड्याशेजारची लाटांची खूण किंवा स्पष्ट लिहिलेलं वाक्य. पेला आणि काटा-चमच्याची खूण दिसली तर अन्न ठेवायला हरकत नाही एवढंच समजायचं, गरम करायला नव्हे. आणि झाकण वेगळं वाचायचं. पार्सलच्या डब्याचं बूड ५ आणि झाकण १, ही जोडी भलतीच नेहमीची आहे. गरम करताना झाकण सुरकुतून अन्नावर लोंबतं ते म्हणूनच.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसून प्लास्टिकला नावं ठेवायची यात थोडी गंमत आहे. ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून रबाळे, घणसोली मागे पडताना दोन्ही बाजूंना आता काचेचे मनोरे दिसतात, आणि त्या प्रत्येकात मजल्यागणिक एक पॅन्ट्री असते. याच पट्ट्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीस नोसिलचा कारखाना खनिज तेलातून निघणारा नाफ्था फोडून त्यातून एथिलीन काढायला लागला. एथिलीन म्हणजे पॉलिथीनचा कच्चा माल. त्या काळी डबा पितळेचा किंवा स्टीलचा असायचा, प्लास्टिकची बादली ही कौतुकाची वस्तू होती, आणि जेवण गरम करायचं तर स्टोव्ह पेटवावा लागायचा. आता कारखान्यांच्या जागी ऑफिसं आली आणि प्लास्टिक थेट ताटात. २०२३ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी बाळांच्या अन्नाचे प्लास्टिकचे डबे आणि पाऊच तीन मिनिटं मायक्रोवेव्ह करून पाहिले, तर काहींमधून दर चौरस सेंटिमीटरला लाखोंनी सूक्ष्म आणि अब्जांनी अतिसूक्ष्म कण सुटले. या कणांचं शरीरात पुढे काय होतं यावर काम अजून चालू आहे, म्हणून घाबरवणं बरोबर नाही. पण बाळाची खिमट आणि दूध तरी काचेत किंवा गॅसवर गरम करावं, एवढं म्हणायला पुढच्या निष्कर्षांची वाट बघायची काही गरज नाही. बाळाच्या बाटलीचं आणखी एक: मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत वरचा थर पोळेल इतका गरम असतो. त्यापेक्षा पातेल्यातल्या गरम पाण्यात बाटली उभी करणं बरं.

मेलामाइनचा मामला सगळ्यात फसवा आहे, कारण ते दिसतं चिनीमातीसारखं. कॅन्टीनच्या न फुटणाऱ्या प्लेटा, फुलाफुलांचे वाडगे, लग्नाच्या हॉलमधल्या कप्प्याच्या थाळ्या. वाजवून पाहिलं तर खण्ण न करता ठप्प वाजतात, वजनाला हलक्या लागतात. हे मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेलं रेझिन लहरी स्वतः शोषतं, स्वतः तापतं आणि आंबट, गरम पदार्थात थोडंथोडं उतरतं. सोलकढी वाढायला ते उत्तम, टोमॅटोचं सार गरम करायला बिलकूल नाही. ओळखायची खात्रीची रीत म्हणजे पाण्याची परीक्षा. रिकामं भांडं आत ठेवायचं, शेजारी काचेच्या कपात पाऊण कप पाणी, आणि पूर्ण पॉवरवर एक मिनिट. पाणी गरम आणि भांडं थंड असेल तर लहर आरपार गेली. भांडंच गरम लागलं तर त्याने ती खाल्ली, ते बाद. पाण्याचा कप विसरायचा नाही. आत शोषायला काहीच नसेल तर सगळी ऊर्जा परत लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर येते, आणि दुरुस्तीत सगळ्यात महाग पडणाऱ्या भागांत तो मोडतो. सोनेरी काठाच्या किंवा धातूच्या भांड्यावर ही परीक्षा करायची नाही, त्यांचा निकाल आधीच लागलेला आहे. शिवाय या परीक्षेत भांडं लहर शोषतं की नाही इतकंच कळतं. त्यातून काय झिरपतं, हे नाही.

आता स्टील. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात उभं राहिलं की एकावर एक रचलेले डबे, त्यांचा तो थंड निळसर उजेड, मशीनने नाव घालताना होणारा कर्र आवाज, हे सगळं अजून आहे. अन्नात फारसं काही उतरणार नाही, डाग धरणार नाही, लेकीकडून नातीकडे जाईल, असं दुसरं भांडं नाही. आणि नेमकं तेच मायक्रोवेव्हला चालत नाही. खोल डब्याच्या भिंती लहरी परत फिरवतात, त्यामुळे आत शिरायला वाट उरते ती फक्त वरून. वरचे दोन-तीन सेंटिमीटर कढत आणि खालचा भात फ्रिजमधल्यासारखा, असा तो प्रकार होतो. झाकण लावलेलं असेल तर तेवढंही नाही. ठिणग्यांचं गणित वेगळं. विद्युतक्षेत्र टोकांवर आणि कडांवर एकवटतं: काट्याच्या दातांवर, कडीच्या क्लिपवर, फॉइलच्या चुरगळलेल्या टोकावर, डबा आणि भिंत यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत. गुळगुळीत गोल वाटी मधोमध ठेवली आणि ती अन्नाने भरलेली असली तर कित्येकदा ठिणगी पडतही नाही. "आमच्याकडे तर स्टील चालतं" असं छातीठोक सांगणारे भेटतात ते खोटं बोलत नसतात, त्यांचा डबा अजून भिंतीला टेकलेला नसतो इतकंच.

बाजारात "मायक्रोवेव्ह सेफ स्टील" नावाचे डबेही आले आहेत. आत स्टील, बाहेरून प्लास्टिकचं कवच. त्यात जादू काही नाही. कडा गोल वळवलेल्या, सांधा नाही, कवचामुळे धातू भिंतीला किंवा दुसऱ्या डब्याला टेकत नाही, म्हणून ठिणगी टळते. पण धातू तो धातूच. झाकण पूर्ण काढायचं, एका वेळी एकच डबा ठेवायचा, थर उथळ ठेवायचा आणि मध्ये थांबवून ढवळायचं, आणि ज्याने मशीन बनवलं त्याच्या पुस्तिकेत धातू चालतो का तेही पाहायचं. इतकं सगळं सांभाळायचं तर काचेची वाटी काय वाईट? तसंच बाहेरून प्लास्टिक दिसणाऱ्या, पोळ्या गरम ठेवायच्या डब्याचं: आत स्टील असतं आणि दोन भिंतींमध्ये फोम. तो कधीच आत ठेवू नये.

मायक्रोवेव्हने आपल्याला एक विचित्र सवय लावली, ती म्हणजे फक्त तीन मिनिटांच्या सोयीसाठी चोवीस तासांचं भांडं बदलायचं. सकाळी सहाला गरम भाजी प्लास्टिकमध्ये भरली जाते, लोकलमध्ये दमटते, दीडला परत तापते. खरं तर अन्न वाहून न्यायचं भांडं आणि गरम करायचं भांडं एकच असायला हवं असं कुणी सांगितलं? स्टीलचा डबा न्यावा, आणि ऑफिसच्या खणात चारशे-पाचशे मिलिलिटरची बोरोसिलिकेट काचेची एक पसरट वाटी आणि एक चिनीमातीची बशी कायमची असावी. भाजी ओतली, बशी झाकली, गरम केली, वाटी धुऊन परत खणात. धुवायचं एक भांडं वाढतं, हा आक्षेप मान्य.

काचेतही भेद आहेत आणि ते महत्त्वाचे. बोरोसिलिकेट काच तापल्यावर फार कमी प्रसरण पावते, साध्या काचेच्या साधारण तिसरा हिस्सा. म्हणून तिला तापमानातला अचानक फरक सोसतो. सरबताचे ग्लास, लोणच्याच्या बरण्या, जॅमच्या बाटल्या साध्या काचेच्या. लहर त्यांच्यातूनही आरपारच जाते, पण फ्रिजमधली गार बाटली आत ठेवून त्यातलं तूप पातळ करायला गेलं की एक बाजू तापते, दुसरी गार राहते आणि उभी चीर पडते. कडक केलेली, म्हणजे टेम्पर्ड काच त्याहून मजबूत, पण तिच्यावर आधीच एखादा चरा असेल तर ती चीर पडून थांबत नाही, खडीसाखरेसारखी विखुरते. बोरोसिलिकेट असली तरी फ्रीजरमधून थेट आत नको, आणि बाहेर काढल्यावर ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तर नकोच; मायक्रोवेव्हमध्ये न फुटलेली काच तिथे फुटू शकते. लाकडी पाट किंवा दुमडलेलं फडकं खाली हवं. चारही बाजूंनी खटके असलेली झाकणं कधीही बंद करून गरम करू नयेत. वाफ साठते, झाकण उडतं किंवा थंड होताना आत ओढलं जाऊन निघता निघत नाही. खटके उघडून झाकण नुसतं तिरकं टेकवावं. खाचेतली रबरासारखी गोल पट्टी सिलिकॉनची असते, तिला उष्णतेचं भय नाही. तिच्याखाली बुरशी साठते तेवढी काढून धुवावी.

पांढऱ्या, दुधी काचेचे डिनर सेट चालतात, काठावर सोनेरी-चंदेरी रेघ नसेल तर. आपल्याकडे आहेरात आलेल्या सेटला ती रेघ हमखास असते. ती रेघ म्हणजे खरोखरच धातूचा पातळ मुलामा, ती तडतडते, काळी पडते आणि काच तिथून तडकते. चिनीमातीचा मग चालतो, पण उलटा करून पाहावा. टेकायची कड खडबडीत, बिनझिलईची असेल आणि तो रोज पाण्यात भिजत असेल तर ती कड पाणी पिते, आणि मग आतला चहा कोमट आणि कान हात भाजणारा, असा उफराटा प्रकार होतो. झिलईला केसासारख्या चिरा असतील तर तेच. कुल्हड आणि दह्याची मातीची मडकी याच कारणाने टाळावीत. लोणच्याची जुनी बरणी लोणच्यालाच ठेवावी. तिच्या झिलईत काय आहे ते कुणाला ठाऊक, आणि तिचं बूड मायक्रोवेव्हच्या काचेवर फिरायला फार जड.

कागदाचं थोडक्यात. चहाचा कागदी कप आतून पॉलिथीनने लिंपलेला असतो. त्यात ओतलेला चहा प्यावा, त्यात चहा उकळू नये. उसाच्या चिपाडाच्या पांढऱ्या थाळ्या एखादं मिनिट सोसतात, तेलकट पदार्थ मात्र त्यांत जिरतो. छापील वर्तमानपत्र अन्नाला लावूच नये, तिथे मायक्रोवेव्हचा प्रश्नच येत नाही. वडापावच्या पुडीला, पार्सलच्या पाकिटाला टोचलेली स्टेपलरची पिन आधी काढावी, तेवढी एक पिनसुद्धा कागद पेटवायला पुरते. केळीचं पान सुरेख चालतं, ओलं असल्यामुळे ते थोडं स्वतःही तापतं आणि पातोळ्यांना पुन्हा तो हळदीच्या पानाच्या शेजारचा वास येतो. मिठाईचा सोनेरी खोका चालत नाही. चांदीचा वर्ख लावलेली काजूकतली तर अजिबात नाही, वर्ख म्हणजे धातूचाच पापुद्रा आणि तो चक्क ठिणग्या टाकतो.

पुष्कळ डबे जातात ते मात्र वेगळ्याच कारणाने, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. घरातलं मशीन कन्व्हेक्शनचं असतं. आदल्या संध्याकाळी त्यात नानकटाई झालेली असते, कुणीतरी मोड बदलायचा विसरतो, आणि सकाळी "मायक्रोवेव्ह सेफ" डबा १८० अंशांच्या गरम हवेत जाऊन बसतो. कन्व्हेक्शन आणि ग्रिल म्हणजे साधी भट्टी, तिथे प्लास्टिकला जागा नाही, मग बुडाला काहीही लिहिलेलं असो. उलट, निव्वळ कन्व्हेक्शनवर केकचा ॲल्युमिनियमचा साचा बिनदिक्कत चालतो, जो मायक्रोवेव्हवर चालला नसता. दोन्ही एकत्र चालणाऱ्या कॉम्बी मोडला फक्त बोरोसिलिकेट, आणि मशीनबरोबर आलेली त्यांचीच जाळी. भट्टी वापरून झाल्यावर आतली भिंत आणि काचेचं तबक अर्धा तास तरी गरम राहतं. त्या तबकावर पातळ डबा ठेवला तर लहर सुरू व्हायच्या आधीच त्याचं बूड चिकटतं.

ठिणग्या दिसल्या की दोष डब्यावर ढकलायची घाई होते. पण काचेच्या वाटीतही ठिणग्या उडत असतील तर आतल्या उजव्या भिंतीवरचा, पत्त्याएवढा, राखी रंगाचा अभ्रकाचा पत्रा पाहावा. लहरी त्याच्यामागूनच आत येतात. त्यावर उडालेली आमटी वाळून कोळसा झाली की तो कोळसा लहरी शोषतो, तापतो आणि पेटतो. मशीन बंद करून, प्लग काढून, पत्रा ओल्या फडक्याने पुसावा. भोक पडलं असेल किंवा पापुद्रे सुटले असतील तर त्याच मापाचा नवीन बसवून घ्यावा. झाकण ठेवून गरम करायचं मुख्य कारण हेच आहे, स्वच्छतेची हौस नव्हे.

प्लास्टिकचे डबे घरात राहणारच, हे धरून चालू. भात, वरण, उकडलेली भाजी, ताकाची कढी यांना लाटांची खूण असलेला, जाड भिंतीचा ५ नंबर एक-दोन मिनिटं पुरतो. त्याचंही आयुष्य असतं. आत पांढुरकी रेघ आली, पृष्ठभाग चिकट किंवा खरखरीत झाला, धुऊन वाळवल्यावरही कालच्या भाजीचा वास राहिला, झाकण पूर्वीसारखं बसेना, की गरम करायच्या कामातून तो काढायचा. टाकून द्यायची गरज नाही, त्यात चिंच, सुकं खोबरं, जास्तीची बटणं, पतंगाचा मांजा, काहीही राहतं. फक्त तो डबा पंधरा दिवसांत हमखास फिरून पुन्हा जेवणाच्या डब्यांत येतो, कारण धुणाऱ्याला आणि भरणाऱ्याला त्याचा निवृत्तीचा दिवस माहीत नसतो. म्हणून बुडाला पक्क्या शाईच्या मार्करने मोठी काळी फुली मारावी. बाहेरून, चष्मा न लावताही दिसेल एवढी. घरातल्या आजींना ५ आणि लाटा वाचून दाखवत बसण्यापेक्षा "फुलीचा डबा मशीनमध्ये घालायचा नाही, आजी" हे एकदा सांगणं सोपं, आणि त्या ते बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कसोशीने पाळतात.